पुढे काय झालं?

(गुरुजींच्या स्मरणार्थ वाचनालयाने चालवलेल्या व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा संपादित मजकूर)



या वाचनालयाच्या मागच्या कपाटात गुरुजींच्या सात वह्या आहेत. काल संध्याकाळी कार्यवाहांनी त्या मला काढून दिल्या. दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याच्या, कडांना कसर लागलेल्या. डाव्या पानावर वर्तमानपत्राचं कात्रण खळीने चिकटवलेलं आणि उजवं पान कोरं. त्या कोऱ्या पानाच्या डोक्यावर गुरुजींच्या हस्ताक्षरात तीनच शब्द : ‘पुढे काय झालं?’

आपल्यापैकी जे त्यांच्या वर्गात बसले आहेत, त्यांना हे तीन शब्द नवे नाहीत. ते नागरिकशास्त्र शिकवायचे. तो विषय तेव्हाही वीस मार्कांचाच होता आणि आम्ही तो तेवढ्याच लायकीचा समजायचो. पण गुरुजी पुस्तक मिटून वर्तमानपत्र उघडायचे. मंत्र्यांनी अमुक आश्वासन दिलं, चौकशीचा आदेश निघाला, समिती नेमली, असं काही वाचून दाखवायचे आणि पेपर खाली ठेवून विचारायचे, “बरं. पुढे काय झालं?” आम्ही गप्प. मग म्हणायचे, “तुम्हाला माहीत नाही. मलाही नाही. लोकशाही नेमकी इथेच गळते.”

मी पुढे आयुष्यभर हिशेब तपासण्याचंच काम केलं. लेखापरीक्षण खात्यात, त्यातही बहुतेक वर्षं रेल्वेच्या बाजूला. म्हणजे पगार घेऊन ‘पुढे काय झालं’ हेच विचारत राहिलो. म्हणून ‘देशाची वाहतूक आणि संसदेची देखरेख’ हा विषय कार्यवाहांनी सुचवला तेव्हा मी हो म्हटलं. पत्रिकेवर तो छापलेला पाहून मात्र वाटलं होतं, की आज पहिल्या दोन रांगांच्या मागे खुर्च्याच ऐकायला असतील. आपण इतक्या संख्येने आलात. हे गुरुजींचं पुण्य.

वह्यांपैकी सहाव्या वहीतलं एक पान आधी दाखवतो. डावीकडे २००३ च्या जून महिन्यातलं कात्रण आहे. २२ जूनची रात्र, कारवारहून मुंबईला निघालेली सुट्टीतली विशेष गाडी, वैभववाडीजवळ डोंगर कापून काढलेल्या मार्गात दरड खाली आलेली. पन्नासहून अधिक माणसं गेली. आपल्या तालुक्यातली काही घरं ती रात्र अजून विसरलेली नाहीत. आता उजवं पान बघा. ते कोरं नाही. गुरुजींनी तिथे दुसरं कात्रण चिकटवलंय, १६ जून २००४ चं. मत्स्यगंधा एक्सप्रेस, करंजाडीजवळ, पुन्हा रुळावर कोसळलेले दगड, पुन्हा मृत्यू. दोन तारखांमध्ये वर्ष पुरं व्हायला सहा दिवस कमी आहेत. खाली गुरुजींनी तेव्हा एक अक्षर लिहिलं नाही. ‘पुढे काय झालं’ या प्रश्नाला त्या वर्षी मिळालेलं उत्तर हे असं होतं.

डावं पान सगळ्यांना दिसतं. त्यावर फोटो असतात, मृतांचे आकडे असतात, मंत्र्यांची भेट आणि जाहीर झालेली मदत असते. संसदेची देखरेख ही उजव्या पानाची गोष्ट आहे. ते पान कोण लिहितं, कसं लिहितं आणि बहुतेक वेळा ते कोरं का राहतं, एवढंच मला आज सांगायचं आहे.

अपघात आणि संसद म्हटलं, की आपल्याला लालबहादूर शास्त्री आठवतात. आठवायलाच हवेत. १९५६ च्या सप्टेंबरच्या सुरुवातीला महबूबनगरजवळ पुराने पूल गेला आणि गाडी कोसळली. शास्त्रीजींनी राजीनामा दिला, नेहरूंनी तो घेतला नाही. नोव्हेंबरमध्ये तमिळ मुलखात अरियालूरजवळ तेच घडलं, पुन्हा पाणी, पुन्हा पूल. या वेळी शास्त्रीजींनी ऐकलं नाही. राजीनामा स्वीकारताना नेहरूंनी लोकसभेत सांगितलं, की दोष शास्त्रींचा नाही, पण घटनात्मक औचित्याचा पायंडा पडावा म्हणून मी हा स्वीकारतो आहे.

ही आपल्या लोकशाहीतली उजळ गोष्ट आहे, मी तिला नमस्कार करतो. पण हिशेबनीसाची वाईट सवय म्हणून एक प्रश्न विचारतो. मंत्री गेले; पुलांचं काय? तीन महिन्यांत दोन गाड्या पुरात गेल्या, तर देशातल्या जुन्या पुलांखालून किती पाणी जाऊ शकतं याची मोजदाद कोणी केली, किती पूल वाढवले, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? राजीनामा लक्षात राहिला, मोऱ्या विसरल्या. राजीनाम्याने ‘जबाबदार कोण’ एवढं कळतं. ‘पुढे काय झालं’ हा प्रश्न त्यानंतरही उरतोच, आणि राजीनाम्याच्या गलक्यात तो सहज दबून जातो.

हा प्रश्न विचारण्यासाठी संसदेकडे हत्यारं कमी नाहीत. रेल्वेच्या बाबतीत तर ती स्वातंत्र्याच्याही आधीपासून आहेत. पहिल्या महायुद्धानंतर रेल्वेची पार दुर्दशा झाली होती. सर विल्यम ॲकवर्थ यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. तिच्यात श्रीनिवास शास्त्री आणि पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांच्यासारखी आपली माणसं होती. १९२१ च्या अहवालात समितीने सांगितलं, की रेल्वेचा पैसा सरकारच्या सर्वसाधारण पैशातून वेगळा काढा. दर ३१ मार्चला न खर्चलेली रक्कम बुडते म्हणून अर्धं काम तसंच पडतं. असा संसार चालत नाही. सप्टेंबर १९२४ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळाने तसा ठराव केला आणि स्वतंत्र रेल्वे अर्थसंकल्प सुरू झाला. तो नव्वदहून अधिक वर्षं चालला. शेवटचा मांडला आपल्याच राजापूरच्या मतदारसंघातून पूर्वी निवडून गेलेल्या सुरेश प्रभूंनी, फेब्रुवारी २०१६ मध्ये. २०१७ पासून तो सर्वसाधारण अर्थसंकल्पात विलीन झाला.

विलीन करण्याला कारणं होती आणि काही चांगली होती. रेल्वेला सरकारला लाभांश द्यावा लागायचा, तो सुटला. नव्या गाड्यांची खैरात वाटण्याचा वार्षिक सोहळाही बंद झाला. पण त्या दिवसाचा एक उपयोग आपण नीट पाहिला नाही. वर्षातून एकदा सगळा देश रेल्वेचा हिशेब ऐकायला बसायचा. रेल्वेच्या सोळा वेगवेगळ्या मागण्या असायच्या. देखभाल किती, इंधन किती, नवी कामं किती, हे वेगवेगळं दिसायचं. आता रेल्वे ही शंभरेक मागण्यांमधली एक मागणी झाली.

त्या मागण्यांवर चर्चा होते, असं नागरिकशास्त्राचं पुस्तक सांगतं. प्रत्यक्षात दरवर्षी चार-दोन खात्यांवर चर्चा होते आणि मुदत संपली, की उरलेल्या सगळ्या एकदम मताला टाकतात. त्याला संसदेत ‘गिलोटिन’ म्हणतात. शब्दाच्या मानाने काम फारच शांतपणे होतं. २३ मार्च २०२३ ला तर लोकसभेत दोन्ही बाजूंच्या गोंधळात सुमारे ४५ लाख कोटी रुपयांचा खर्च चर्चेविना मंजूर झाला. त्यात रेल्वेचे २ लाख ४० हजार कोटी होते. मी कोणत्याही एका पक्षाकडे बोट दाखवत नाही. सभागृह चालू न देण्याची विद्या आपल्याकडे सर्व पक्षांनी समान निष्ठेने जोपासली आहे. पण घरातली बाई भाजीवाल्याला जितकं विचारते, तितकंही त्या दिवशी कोणी विचारलं नाही, याची नोंद उजव्या पानावर हवी.

दुसरं हत्यार प्रश्नोत्तराच्या तासाचं. लोकसभेत रोज वीस तारांकित प्रश्न लागतात, म्हणजे ज्यांचं उत्तर मंत्र्याने उभं राहून द्यायचं आणि त्यावर उपप्रश्न घ्यायचे. तासाभरात त्यातले चार-पाचच निघतात. बाकीचे आणि रोजचे दोनशे तीस अतारांकित प्रश्न लेखी उत्तरावर भागवले जातात. ही उत्तरं संसदेच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतात. मी निवृत्तीनंतर ती वाचतो. लोक सुडोकू सोडवतात, तसं.

समजा, एखाद्या खासदाराने विचारलं : ‘कोकणातील पुलांच्या सुरक्षिततेसाठी शासन कोणती पावले उचलत आहे?’ उत्तर आधीच तयार असतं : सुरक्षिततेला सर्वोच्च प्राधान्य आहे, पुलांची तपासणी ठरावीक कालावधीने केली जाते, ही निरंतर प्रक्रिया आहे. या उत्तरात खोटं एक अक्षर नाही आणि माहितीही एक अक्षर नाही. आता हाच प्रश्न असा विचारा : ‘अमुक किलोमीटरवरील पुलाची शेवटची तपासणी कोणत्या तारखेला झाली? त्या तपासणीत काय नोंद झाली? त्या नोंदीवर किती रुपयांचे काम मंजूर झाले आणि ते कोणत्या तारखेला पूर्ण झाले?’ इथे प्राधान्य आणि निरंतर प्रक्रिया या दोघांनाही बसायला जागा उरत नाही. तारीख तरी द्यावी लागते, नाहीतर ‘माहिती गोळा करण्यात येत आहे, ती सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात येईल’ असं लिहून द्यावं लागतं. आणि ते लिहून दिलं, की ते आश्वासन होतं. तीन महिन्यांत ते पुरं करावं लागतं. झालं की नाही हे पाहायला लोकसभेत १९५३ पासून आश्वासन समिती आहे. म्हणजे ‘पुढे काय झालं’ विचारणारी समिती आपल्या संसदेने सत्तर वर्षांपूर्वीच नेमून ठेवली आहे. गुरुजींना हे कळलं तेव्हा ते इतके खूश झाले होते, की वर्गात त्यांनी त्या समितीचं नाव फळ्यावर लिहून ते आठवडाभर पुसू दिलं नाही.

तिसरं हत्यार समित्यांचं. १९९३ पासून खातेनिहाय स्थायी समित्या आहेत. रेल्वेची वेगळी, आणि रस्ते, विमान, जहाज यांची परिवहनाची वेगळी. प्रत्येकीत एकतीस सदस्य, एकवीस लोकसभेचे, दहा राज्यसभेचे. दारं बंद असतात, कॅमेरे नसतात, त्यामुळे खासदार बरेचदा खासदारासारखे वागतात. पक्ष विसरून अधिकाऱ्याला नेमकं विचारतात. मी स्वतः अशा बैठकांसाठी कागद तयार केले आहेत. सभागृहात ज्यांचा आवाज कधी ऐकू येत नाही असे सदस्य तिथे गृहपाठ करून आलेले असायचे. पण या समितीची मुदत एका वर्षाची. विषय कळू लागतो आणि समिती बदलते. शिफारशी सरकारवर बंधनकारक नाहीत. सरकार कार्यवाही अहवाल देतं, त्यात ‘शिफारशीची नोंद घेतली’ हे वाक्य आलं, की जाणकार समजतो, विषय संपला.

या सगळ्यांत जुनी आहे लोकलेखा समिती, १९२१ पासूनची. १९६७ पासून तिचं अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याचा प्रघात आहे. पहिले होते मिनू मसानी. आमचं खातं, म्हणजे नियंत्रक व महालेखापरीक्षक, हिशेब तपासतं आणि अहवाल संसदेपुढे ठेवतं. तिथून तो या समितीकडे जातो. कागदावर ही साखळी अगदी पोलादी आहे. एक कडी मात्र कच्ची आहे. ती मी कशी पाहिली, ते सांगतो.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका विभागात तपासणीला गेलो होतो. विभागाचं नाव सांगत नाही. मापन पुस्तक, ज्याला सगळे ‘एमबी’ म्हणतात, त्यात डोंगरकापीच्या माथ्यावर खोदलेल्या चराची नोंद होती. वरून येणारं पाणी या चराने बाजूला काढायचं, म्हणजे ते थेट कापीत उतरत नाही आणि माती सुटत नाही. सगळ्या लांबीचं माप घेतलेलं, सगळे पैसे दिलेले, सह्या ठणठणीत. साहेबांनी मला जागेवर जाऊन बघायला सांगितलं. रुळांवर चालणारा की-मॅन बरोबर आला. आपल्याकडे त्याला चावीवाला म्हणतात. खांद्यावर हातोडा, पाना, पिशवीत लाल झेंड्या आणि धोक्याचे फटाके. रोज पहाटे ठरलेला पल्ला चालत जायचा, रुळाला धरून ठेवणारी चावी सैल दिसली, की ठोकायची. तो म्हणाला, “साहेब, वर चढू नका, पाय घसरतील. मीच सांगतो. चर त्या आंब्यापर्यंतच आहे. पुढचं पाणी सगळं खालीच येतं.” आम्ही तरीही चढलो. चर आंब्यापर्यंतच होता.

आम्ही आक्षेप लिहिला. उत्तर आलं, ‘उर्वरित काम प्रगतिपथावर आहे.’ आणि मग आक्षेप गळून पडला, कारण रक्कम लहान होती. संसदेच्या अहवालात जायला आक्षेपाला वजन लागतं आणि आमच्याकडे वजन रुपयांत मोजतात. कोट्यवधींची यंत्रं गंजत पडली, तर तो परिच्छेद दिल्लीपर्यंत जातो. अर्धवट चराची किंमत काही हजार. तो जिल्ह्याबाहेरही जात नाही. पण पावसाच्या रात्री, पाचशे माणसं झोपेत असताना त्या चराची किंमत किती, हा रकाना आमच्या कोणत्याच तक्त्यात नव्हता. त्या डोंगरावर सुदैवाने काही घडलं नाही. वैभववाडीची बातमी आली त्या सकाळी मला मात्र पहिल्यांदा तो आंबाच आठवला.

म्हणून लेखापरीक्षण जेव्हा रुपयांपलीकडे जाऊन धोक्याचा हिशेब मांडतं, तेव्हा ते जपून वाचायला हवं. असं एक उदाहरण अलीकडचं आहे आणि त्याची साखळी दहा वर्षांची आहे.

२०११ मध्ये रेल्वेने डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखाली सुरक्षेची उच्चस्तरीय समिती नेमली. फेब्रुवारी २०१२ मध्ये अहवाल आला. त्याने दोन मोठ्या गोष्टी सांगितल्या. एक, पाच वर्षांत सुरक्षेसाठी सुमारे एक लाख कोटी रुपये लागतील. दोन, गाड्या चालवणारं, नियम करणारं आणि नियम पाळले की नाहीत हे पाहणारं रेल्वे बोर्ड एकच असता कामा नये. स्वतंत्र, कायद्याने स्थापन झालेलं सुरक्षा प्राधिकरण हवं. बापाने आपल्याच मुलाची उत्तरपत्रिका तपासू नये, इतकी साधी गोष्ट.

पुढे काय झालं? पैसा आला. पाच वर्षांनी, २०१७-१८ च्या अर्थसंकल्पात, ‘राष्ट्रीय रेल संरक्षा कोष’ या नावाने, पाच वर्षांत एक लाख कोटी. त्यात दरवर्षी पाच हजार कोटी रेल्वेने स्वतःच्या कमाईतून घालायचे होते. डिसेंबर २०२२ मध्ये महालेखापरीक्षकांचा गाड्या रुळांवरून घसरण्याविषयीचा अहवाल संसदेपुढे आला. पहिल्या चार वर्षांत रेल्वेने वीस हजार कोटींऐवजी ४,२२५ कोटी रुपये घातले होते. कोशातून अग्रक्रम नसलेल्या कामांवर झालेला खर्च २०१७-१८ मधल्या ४६३ कोटींवरून दोन वर्षांत १,००४ कोटींवर गेला होता. रूळ नव्याने टाकण्यासाठीची तरतूद मात्र २०१८-१९ पेक्षा २०१९-२० मध्ये कमी झाली होती. २०१७ ते २०२१ या काळातल्या २१७ गंभीर अपघातांपैकी १६३, म्हणजे चारात तीन, रुळांवरून घसरण्याचे होते. आणि हे वाक्य गुरुजींनी नक्की अधोरेखित केलं असतं : ६३ टक्के प्रकरणांत चौकशी अहवाल ठरलेल्या मुदतीत सादर झालेला नव्हता.

सहा महिन्यांनी, २ जून २०२३ ला ओडिशात बालासोरजवळ तीन गाड्यांचा अपघात झाला आणि २९० हून अधिक माणसं गेली. तेव्हा हा अहवाल पुन्हा सगळ्यांच्या हातात आला. इथे मला हिशेबनीस म्हणून सावध राहायला हवं. बालासोरचं मूळ सिग्नलच्या जोडणीत होतं. त्या अहवालाचा विषय मुख्यतः रूळ होता. एकाचा दुसऱ्याशी थेट संबंध जोडणं चुकीचं आहे. पण डिसेंबरमध्ये पटलावर ठेवलेला अहवाल देशाने वाचला जूनमध्ये, तोही प्रेतं मोजताना, ही गोष्ट खरी आहे. ‘पटलावर ठेवला’ या शब्दांत आपण फार समाधान मानतो. पटलावर ठेवलेली वस्तू कोणी उचलली नाही, तर ती तिथेच राहते.

काकोडकरांची दुसरी शिफारस? तिचं उजवं पान कोरं आहे. स्वतंत्र प्राधिकरण उभं राहिलेलं नाही. खरं तर या वाटेवर आपण फार पूर्वी एक पाऊल टाकलं होतं. रेल्वे निरीक्षकांना रेल्वे बोर्डाच्या हाताखालून काढून टपाल व हवाई वाहतूक खात्याकडे दिलं गेलं ते १९४१ मध्ये, ब्रिटिशांच्या काळात. आजही रेल्वे सुरक्षा आयुक्त नागरी विमान वाहतूक मंत्रालयाकडे आहेत. लोकांना याचं हसू येतं; रेल्वेची तपासणी विमानवाल्यांकडे! त्यामागचा हेतू मात्र अगदी शहाणपणाचा होता. १९८९ च्या रेल्वे कायद्याप्रमाणे मुख्य आयुक्तांचा वार्षिक अहवाल संसदेपुढे ठेवावा लागतो. तो ठेवला जातोही. त्यावर सभागृहात स्वतंत्र चर्चा झाल्याचं मी माझ्या नोकरीत तरी पाहिलं नाही.

आता आपल्या घाटावरून खाली उतरू आणि महाडला जाऊ. २ ऑगस्ट २०१६ ची रात्र. मुंबई-गोवा महामार्गावर सावित्री नदीवरचा ब्रिटिश अमदानीतला दगडी पूल पुरात गेला. दोन एसटी गाड्या आणि इतर वाहनं अंधारात नदीत उतरली. चाळीसच्या आसपास माणसं गेली. यातल्या कोणाच्या घरी आपण भेटायला गेलो असू.

या पुलाचा जाब कोणाला विचारायचा? महामार्ग राष्ट्रीय, घटनेप्रमाणे तो केंद्राच्या यादीत. देखभाल राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. पाणी राज्याचं, एसटी राज्याची, रस्ता केंद्राचा. दिल्लीत प्रश्न विचारला, तर ‘देखभाल राज्याकडे’. मुंबईत विचारला, तर ‘महामार्ग केंद्राचा’. दोन्ही उत्तरं खरी आहेत आणि दोघांच्या मधल्या फटीतून पूल गेला. हे कोड्याचं जाळं वाढतच चाललं आहे. रेल्वे हे सरकारी खातं आहे. कोकण रेल्वे ही केंद्र आणि चार राज्यांच्या भागीदारीतली कंपनी. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण ही कायद्याने स्थापन झालेली संस्था. संसदेची नजर प्रत्येकीकडे वेगळ्या खिडकीतून पोचते. कंपनीकडे सार्वजनिक उपक्रम समितीच्या खिडकीतून, खात्याकडे लोकलेखा समितीच्या खिडकीतून. खिडक्या पुष्कळ आहेत. पण सगळं घर एकाच खिडकीतून दिसत नाही.

महाडला पुढे काय झालं, ते आपण रोज पाहतो. जून २०१७ मध्ये, वर्षाच्या आत, नवा पूल उभा राहिला. मुंबईत २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरीत तेवीस माणसं गेली. तिथे रुंद पूल आधीच मंजूर होता. पुढे सैन्याच्या जवानांनी पाच महिन्यांत पूल बांधून दिला. हे वाचून लोक टाळ्या वाजवतात. मला आकडे जुळवायची सवय आहे, म्हणून वेगळंच दिसतं. पूल इतक्या लवकर बांधता येतो, हे आधीही खरं होतं. मंजुरीपासून बांधणीपर्यंत जो काळ जातो, त्यात अभियांत्रिकी थोडी असते आणि कोणीच न विचारण्याचा भाग मोठा असतो. रेल्वेच्या कामांचं गुलाबी पुस्तक उघडा, ‘पिंक बुक’. त्यात कित्येक कामांपुढे एक हजार रुपयांची तरतूद दिसते. एक हजार रुपयांत पूल काय, पुलाचा नकाशाही निघत नाही. काम यादीतून गळू नये म्हणून ठेवलेला तो नैवेद्य. पण मतदारसंघात ‘आपलं काम मंजूर आहे’ असा फलक लावायला तो पुरतो.

काही जण म्हणतील, खासदारांना एवढा अभ्यास कुठे शक्य आहे? आपल्या तेव्हाच्या राजापूर मतदारसंघाने बॅरिस्टर नाथ पै आणि मधु दंडवते दिल्लीला पाठवले होते, ही आठवण मी या गावात करून देण्याची गरज नाही. कोकण रेल्वे होईपर्यंत दंडवत्यांनी तो विषय किती वर्षं सोडला नाही, हे जुन्या माणसांना ठाऊक आहे. रेल्वेमंत्री असताना दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळीवर त्यांनी गादी आणली. तसे प्रतिनिधी पुन्हा मिळोत, अशी प्रार्थना करून थांबावं असं मला वाटत नाही. त्यांच्यामागे प्रश्न विचारणारी माणसं होती, ती आपण आहोत का, हे विचारावं.

म्हणून एक विनंती करून थांबतो. आठवी वही या वाचनालयाने सुरू करावी. विषय मोठा नको. आपल्या तालुक्यातला महामार्गावरचा एक पूल आणि आपल्या स्थानकाजवळची एक डोंगरकाप, एवढंच. वर्षातून एकदा नेमका, तारीख आणि रक्कम विचारणारा प्रश्न आपल्या खासदारांना लिहून द्या. त्यांनी तो सभागृहात मांडला, तर उत्तर डाव्या पानावर चिकटवा. उत्तरात ‘पटलावर ठेवण्यात येईल’ असं असलं, तर भिंतीवर तीन महिन्यांची खूण करा आणि त्या दिवशी पुन्हा विचारा. माहितीच्या अधिकाराचा अर्ज हीही एक वाट आहे, पण ती तुमची एकट्याची. संसदेतून आलेलं उत्तर सगळ्या देशाच्या नोंदीत राहतं.

आणि सहाव्या वहीतल्या त्या पानाचं काय, हे सांगायला विसरलो. दुसऱ्या अपघाताच्या कात्रणाखाली जागा उरली होती. काल मी नीट पाहिलं, तर तिथे नंतर कधीतरी पेन्सिलने, म्हातारपणच्या थरथरत्या हाताने एक ओळ आहे. आपल्याकडच्या गाड्यांचं पावसाळी वेळापत्रक, बदललेल्या वेळा. त्या दोन अपघातांनंतर पावसात या मार्गावर वेग कमी झाला, डोंगरकापींवर जाळ्या आल्या, रात्रभर गस्त वाढली, जोराचा पाऊस असला, की गाडी ताशी चाळीसवर आणायची असा दंडक आला. जूनमध्ये मुंबईहून येणारी गाडी उशिरा पोचते, म्हणून आपण फलाटावर कुरकुरतो. गुरुजीही कुरकुरत असणार. पण घरी येऊन त्यांनी वही काढली आणि उशिराची ती वेळ उजव्या पानावर लिहून ठेवली.